जांभळू भुंग्याचं गोल घर

एक होता भुंगा.
भुंगा केवढा? आईच्या अंगठ्याच्या नखाएवढा.
अंग काळं काळं, पण पंख जांभळे. उन्हात चमचम करायचे. म्हणून त्याचं नाव जांभळू.

जांभळूचं घर होतं पांगाऱ्याच्या झाडावर, एका वाळक्या फांदीत. फांदीला होतं भोक. जांभळूच्या मापाचं. आत मऊ मऊ अंधार. आत ऊब. आत लाकडाचा गोड वास.

एकदा थंडीची सकाळ होती. सगळीकडे धुकं. जांभळू उठला. घूं घूं घूं. गेला भोपळ्याच्या वेलावर. पिवळ्या फुलात शिरला. चाट चाट चाटलं, पोट भरलं. अंगाला पिवळी पिवळी पूड लागली. डोळे जड झाले.

"आता घरी जावं," जांभळू म्हणाला. "आणि निजावं."

घूं घूं घूं. आला झाडापाशी.
बघतो तर काय, फांदीच नाही.
फांदी नाही, तर भोक नाही. भोक नाही, तर घर नाही.

"झाडा रे झाडा, माझं घर कुठे?"

झाड म्हणालं, "गुणाजीकाका आले. करवत चालली, खर्र खर्र. वाळकी फांदी कापली. खांद्यावर टाकली. घेऊन गेले."

गुणाजीकाका होते कातारी. कातारी म्हणजे लाकूड गोल करणारा. काकांकडे होता एक चरक. चरकाला लाकूड लावायचं. चरक फिरायचा, गर्र गर्र. लाकूडही फिरायचं, गर्र गर्र. मग काका त्याला धारदार पटाशी टेकवायचे. भुरभुर भुसा उडायचा. लाकडाचा आंबा व्हायचा. लाकडाचा भोवरा व्हायचा. लाकडाची बाहुलीसुद्धा व्हायची.

पण आज चरक गप्प. काकाही गप्प. खिडकीतून बाहेर बघत बसलेले.

घूं घूं घूं. जांभळू खिडकीत बसला.

"काका, काका, माझं घर द्या."

"कुठलं रे घर?"

"फांदीतलं. भोकातलं."

काकांनी फांदी उचलली. फांदीची साल निघाली होती. फांदीचे दोन तुकडे झाले होते. भोक मधोमध चिरलं गेलं होतं.

काकांचा चेहरा उतरला. "यात तू राहायचास होय? मला दिसलं नाही रे बाळा."

जांभळूचे पंख खाली झुकले.

काका म्हणाले, "मी मोडलं, आता मीच करून देईन. छान नक्षीचं घर देईन."

"मग करा ना, काका. मला झोप आली."

काकांनी चरक फिरवला. पटाशी टेकवली. पुन्हा उचलली. पुन्हा टेकवली. पुन्हा उचलली. चरक थांबला.

"नाही जमत," काका म्हणाले. "मला आधी मनात दिसावं लागतं. मनात दिसलं, की हाताला कळतं. रोज मी त्या तळ्याकडे बघतो. तळं हलतं, मला नक्षी सुचते. आज तळं हलतच नाही. आधी तळं हलू दे."

जांभळू निघाला. घूं घूं घूं. गेला तळ्याकडे.

तळं होतं शांत. आरशासारखं. त्यात आभाळ निजलं होतं.

"तळ्या रे तळ्या, हलशील का?
तळं हलेना,
नक्षी सुचेना,
घर होईना."

तळं म्हणालं, "मी नाही हलणार. आधी थेंब पडू दे."

जांभळू निघाला. घूं घूं घूं. गेला थेंबाकडे.

तळ्याच्या काठी अळूचं पान होतं. पानावर दवाचा थेंब होता. गोल गोल, मोत्यासारखा. थेंबात इवलंसं झाड दिसत होतं, उलटं. इवलासा जांभळू दिसत होता, तोही उलटा.

"थेंबा रे थेंबा, पडशील का?
थेंब पडेना,
तळं हलेना,
नक्षी सुचेना,
घर होईना."

थेंब म्हणाला, "मी नाही पडणार. आधी पान डुलू दे."

जांभळू पानाच्या देठावर बसला.

"पाना रे पाना, डुलशील का?
पान डुलेना,
थेंब पडेना,
तळं हलेना,
नक्षी सुचेना,
घर होईना."

पान म्हणालं, "मी नाही डुलणार. आधी वारा उठू दे."

"वारा कुठे आहे?"

"बांबूच्या बनात. अजून निजलाय."

जांभळू निघाला. घूं घूं घूं. गेला बांबूच्या बनात.

बनात सगळं पांढरं पांढरं. वाऱ्याने धुक्याची गोधडी पांघरली होती. पार नाकापर्यंत ओढली होती. वारा घोरत होता, हूऽऽ, हूऽऽ, अगदी हळू.

"वाऱ्या रे वाऱ्या, उठशील का?
वारा उठेना,
पान डुलेना,
थेंब पडेना,
तळं हलेना,
नक्षी सुचेना,
घर होईना."

वाऱ्याने एक डोळा उघडला. पुन्हा मिटला.

"मी नाही उठणार," वारा म्हणाला. "आधी पाळणा झुलू दे. पाळण्याची झुळूक लागली, की मला जाग येते."

जांभळूलाही तिथेच निजावंसं वाटलं. पण धुकं होतं गार गार. गारव्यात भुंग्याला कशी झोप येणार?

जांभळू निघाला. घूं घूं घूं. आता पंख दुखत होते. अंगावरची पिवळी पूड वाटेत सांडली होती.

बनाच्या कडेला एक फणसाचं झाड होतं. फणसाला पाळणा बांधला होता, निळ्या लुगड्याचा. पाळणा होता रिकामा.

"पाळण्या रे पाळण्या, झुलशील का?
पाळणा झुलेना,
वारा उठेना,
पान डुलेना,
थेंब पडेना,
तळं हलेना,
नक्षी सुचेना,
घर होईना."

पाळणा म्हणाला, "मी नाही झुलणार. आधी बाळ हसू दे. हसलं, की ते माझ्याकडे येतं."

झाडाखाली शेवंतीवहिनी बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर बाळ होतं. बाळाचे गाल फुगलेले. बाळाचे ओठ बाहेर आलेले. बाळाने आईचा पदर मुठीत घट्ट धरलेला.

"सकाळपासून रुसलंय," शेवंतीवहिनी म्हणाल्या. "मांडीवरून उतरतच नाही. खुळखुळा नको, दूध नको, पाळणा नको."

जांभळू बाळासमोर आला.

"बाळा रे बाळा, हसशील का?
बाळ हसेना,
पाळणा झुलेना,
वारा उठेना,
पान डुलेना,
थेंब पडेना,
तळं हलेना,
नक्षी सुचेना,
घर होईना."

बाळ काहीच बोललं नाही. बाळाला बोलता येतच नव्हतं.

जांभळूने वाट बघितली. अजून थोडी वाट बघितली. आता तो पार दमला होता. पुढे जायला कोणी उरलं नव्हतं. तो पाळण्याच्या दोरीवर बसला. त्याने पंख मिटले. घूं घूं थांबलं.

सगळीकडे शांत झालं.

बाळाने मान वर केली. इकडे बघितलं. तिकडे बघितलं. दोरीवर जांभळू दिसला.

"घूं?" बाळ म्हणालं.

जांभळूने डोळे उघडले.

"घूं?" बाळ पुन्हा म्हणालं. पदर सोडला. एक बोट पुढे केलं.

"तुला घूं घूं हवं?" जांभळूने विचारलं.

"घूं," बाळ म्हणालं.

जांभळूने पंख उघडले. दुखत होते, तरी उघडले. घूं घूं घूं. बाळाच्या नाकाभोवती फिरला. घूं घूं घूं. बाळाच्या कानाभोवती फिरला. घूं घूं घूं. बाळाच्या बोटावर टेकला, नि गुदगुल्या झाल्या.

बाळ हसलं. खुदूखुदू हसलं. त्याला दोनच दात होते, तेही दिसले.

"हसलं गं बाई माझं बाळ," शेवंतीवहिनी म्हणाल्या. त्यांनी बाळाला उचललं. पाळण्यात ठेवलं. बाळ रडलं नाही. शेवंतीवहिनींनी दोरी ओढली.

पाळणा झुलला. कुई कर्र, कुई कर्र.
पाळण्याची झुळूक बांबूच्या बनात गेली.

वारा उठला. आळस दिला. धुक्याची गोधडी बाजूला सारली. सुळ्ळकन निघाला.

पान डुललं. डुल डुल, डुल डुल.

थेंब घसरला. पानाच्या टोकाशी आला. जरा थांबला. आणि थेंब पडला.

टप.

तळं हललं.
आधी एक इवलासा गोल. त्याच्याबाहेर एक मोठा गोल. त्याच्याबाहेर अजून मोठा. गोल गोल गोल, थेट काठापर्यंत. तळ्यातलं आभाळ हललं. आभाळातला ढगही हलला.

गुणाजीकाका खिडकीत बसले होते. त्यांनी बघितलं. गोल बाहेर जाताना बघितले. गोल काठाला लागताना बघितले. मग काका उठले.

"दिसलं," काका हळूच म्हणाले. "दिसलं मला."

काकांना नक्षी सुचली.

एवढ्यात घूं घूं घूं, जांभळूही आला. काकांनी त्याला तळहातावर घेतलं. एका गवताच्या काडीने त्याचं माप घेतलं. एवढं डोकं, एवढं पोट, एवढे पंख.

"बस तिथे," काका म्हणाले. "भुसा उडेल. जरा लांब बस."

काकांनी फांदीचा जाड तुकडा घेतला. चरकाला लावला. चरक फिरला, गर्र गर्र. भुसा उडाला, भुरभुर भुरभुर. लाकूड गोल झालं. अजून गोल झालं. आतून पोकळ झालं.

मग काकांनी पटाशीचं टोक टेकवलं. एक इवलासा गोल उमटला. त्याच्याबाहेर एक मोठा. त्याच्याबाहेर अजून मोठा. अगदी तळ्यासारखे.

मग काकांनी लाखेच्या कांड्या काढल्या. लाख म्हणजे रंगीत रंगीत, मेणासारखी. फिरत्या लाकडाला लाल कांडी टेकवली. लाख वितळली, लाल गोल झाला. पिवळी टेकवली, पिवळा गोल झाला. हिरवी टेकवली, हिरवा गोल झाला. जांभळू बघतच राहिला.

"अजून एक रंग हवा," काका म्हणाले. त्यांनी जांभळूच्या पंखांकडे बघितलं. निळी लाख घेतली. लाल लाख घेतली. दोन्ही ऊन केल्या, एकात एक मळल्या. सगळ्यात मधला, सगळ्यात इवला गोल झाला जांभळा.

शेवटी केवड्याचं पान घेऊन घासलं. घास घास घास. घर चमकू लागलं.

काकांनी त्याला दार केलं. काडीच्या मापाचं दार.

घर झालं.

काका घर घेऊन पांगाऱ्याच्या झाडाकडे गेले. झाडावर चढले. दोन फांद्यांच्या बेचक्यात घर ठेवलं. सुतळीने घट्ट बांधलं. हलवून बघितलं. पडलं नाही.

"जा बाबा," काका म्हणाले. "बघ, आवडतं का."

जांभळू दारात बसला. आधी डोकं घातलं. मग पोट घातलं. मग पंख मिटून आत गेला.

आत मऊ मऊ अंधार होता. आत ऊब होती. आत पांगाऱ्याच्या लाकडाचा गोड वास होता.

"काका," आतून आवाज आला.

"काय रे?"

"मापात आहे."

काका हसले. खाली उतरले. आता त्यांच्या मनात अजून काही काही दिसत होतं. एक ताट, गोल गोल. एक डबा, गोल गोल. काका चालता चालता बोटाने हवेत गोल काढत होते. वारा त्यांच्यासोबत चालत होता.

फणसाखाली पाळणा झुलत होता. कुई कर्र, कुई कर्र. बाळ निजलं होतं.

घरात जांभळू घूं घूं करत होता.
मग नुसतं घूं.
मग नुसतं… घ…
मग निजला.

भुंगा घरात,
घर झाडात,
आणि गोष्ट माझ्या बाळाच्या कानात.