गुंजी माशी आणि भोपळ्याचं फूल

डोंगराच्या उतारावर एक जांभळाचं झाड होतं. झाडाला एक ढोली होती. ढोलीत मधाचं पोळं होतं. पोळ्यात राहायची गुंजी.

गुंजी म्हणजे कोण? एक इवलीशी मधमाशी! गुं गुं गुं!

गुंजीला धाकट्या बहिणी होत्या. पांढऱ्या पांढऱ्या, तांदळाएवढ्या. त्यांना अजून पंख नव्हते. गुंजी फुलातून खाऊ आणायची आणि त्यांना भरवायची.

झाडाखाली भागीकाकूचं शेत होतं. शेतात भोपळ्याचा वेल. वेलाला एकच फूल, पिवळं पिवळं. एके सकाळी गुंजी आली. बघते तर काय, फूल सुकून गेलं! टप्! खाली पडलं.

"अगं बाई! आता बहिणींना काय भरवू?"

गुंजी वेलाजवळ गेली. गुं गुं गुं!

"वेलदादा, वेलदादा, फूल दे ना!"

वेल म्हणाला, "देईन की! पण माती किती कडक झालीय बघ. मुळं आत जातच नाहीत. आधी माती मऊ होऊ दे. मग देईन फूल."

गुंजी मातीजवळ गेली. गुं गुं गुं!

"मातीबाई, मातीबाई, मऊ हो ना!
वेल फूल देत नाही,
बहिणी माझ्या उपाशी बाई!"

माती म्हणाली, ठक् ठक्! "होईन की! पण मला उकरणार कोण? गांडूळदादा उकरायचा. तो खोल जाऊन बसलाय. आधी त्याला उकरू दे. मग होईन मऊ."

गुंजी एका भेगेपाशी गेली. आत डोकावली. गुं गुं गुं!

"गांडूळदादा, गांडूळदादा, माती उकर ना!
माती मऊ होत नाही,
वेल फूल देत नाही,
बहिणी माझ्या उपाशी बाई!"

वळवळ वळवळ! गांडूळदादा अर्धा वर आला. "उकरीन की! पण काकूने पोत्यातली खताची पांढरी पूड टाकली. ती मला झोंबते गं! मला हवं शेण आणि पालापाचोळा. आधी गाईला शेण देऊ दे. मग उकरीन माती."

गुंजी गोठ्यात गेली. गुं गुं गुं!

"पवळी गाई, पवळी गाई, शेण दे ना!
गांडूळ माती उकरत नाही,
माती मऊ होत नाही,
वेल फूल देत नाही,
बहिणी माझ्या उपाशी बाई!"

पवळीने मान हलवली. टण् टण्! "देईन की! पण रिकाम्या पोटी कुठून देऊ? आधी काकूला बांधावरचं गवत कापू दे. मग देईन शेण."

गुंजी घराकडे गेली. भागीकाकू दारात बसली होती. गालावर हात ठेवून.

"भागीकाकू, भागीकाकू, गवत काप ना!
गाय शेण देत नाही,
गांडूळ माती उकरत नाही,
माती मऊ होत नाही,
वेल फूल देत नाही,
बहिणी माझ्या उपाशी बाई!"

काकू म्हणाली, "कापीन की! विळा तयार आहे. पण माझी छबू बघ. सकाळपासून घास नाही पोटात. लेकरू उपाशी, मी कशी जाऊ? आधी छबूला भाकरी खाऊ दे. मग कापीन गवत."

छबू चुलीपाशी बसली होती. गाल फुगवून! पुढे ताट. ताटात नाचणीची भाकरी.

"छबू, छबू, भाकरी खा ना!
काकू गवत कापत नाही,
गाय शेण देत नाही,
गांडूळ माती उकरत नाही,
माती मऊ होत नाही,
वेल फूल देत नाही,
बहिणी माझ्या उपाशी बाई!"

छबू म्हणाली, "नको मला भाकरी! मला सफरचंद हवं. लाल लाल, गोड गोड!"

"सफरचंद कुठून येतं?"

"लांबून! ट्रकात बसून येतं. आज ट्रक आलाच नाही." छबूच्या डोळ्यांत पाणी आलं.

आता पुढे कोणाकडे जायचं? पुढे कोणीच नव्हतं!

गुंजी पोळ्यात गेली. पोळ्यात मधाचा एकच थेंब उरला होता. बहिणी वळवळत होत्या. "ताई, भूक! ताई, भूक!"

गुंजीने थेंबाकडे बघितलं. बहिणींकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "थोडं थांबता का, बाळांनो? मी येतेच."

थेंब घेऊन गुंजी निघाली. गुं... गुं... गुं... जपून, जपून. आणि भाकरीवर ठेवला. टिप्!

छबूने बोट लावलं. बोट चाटलं. डोळे मोठ्ठे झाले!

"आई गं, गोड! कुठला आहे?"

काकू म्हणाली, "आपल्याच जांभळाच्या ढोलीतला."

"आणि भाकरी?"

"आपल्याच उतारावरच्या नाचणीची. सकाळी दळली, आत्ता भाजली. गरम आहे बघ अजून."

छबूने एक घास खाल्ला. मग दुसरा. मटामट मटामट! भाकरी संपली!

"अजून दे!"

काकू हसली. उठली. विळा घेतला. खसाक् खसाक्! गवत कापलं.

पवळीने गवत खाल्लं. कराम् कुरूम्! आणि शेण दिलं. थपाक्!

छबू नाक धरून हसली. "ई!"

"ई काय म्हणतेस? गांडूळदादाची ही मेजवानी!" काकू म्हणाली. तिने शेणात पालापाचोळा मिसळला. चांगला कुजू दिला. मग वेलाच्या बुंध्याशी घातला. पांढऱ्या पुडीचं पोतं तिने उघडलंच नाही.

मग कितीतरी दिवस वाट बघायची होती. गुंजीच्या बहिणींनी काय खाल्लं? छबू रोज झाडाखाली यायची. पळसाच्या पानावर गुळाचं पाणी ठेवायची. "गुंजी, ये गं!" गुंजी यायची, घोटभर न्यायची. बहिणींना भरवायची.

आणि तिकडे मातीत काय चाललं होतं?

वळवळ वळवळ! गांडूळदादा आला. बायकोला घेऊन आला. पोराबाळांना घेऊन आला. मिटक्या मारत सगळ्यांनी खाल्लं. मग माती उकरली.

माती मऊ झाली. भुसभुशीत! छबूने पाय ठेवला. भुस्! बोटं आतच गेली.

वेलाची मुळं खोल गेली. पानं सळसळली. सळ सळ सळ! आणि एका सकाळी, उमलली फुलं! एक इथे, एक तिथे, एक कुंपणावर, एक तर पवळीच्या गोठ्यावर!

"ये गं गुंजी," वेल म्हणाला. "घे, हवी तेवढी फुलं घे!"

गुंजी फुलात शिरली. नाक पिवळं, पाय पिवळे, पंख पिवळे! या फुलातून त्या फुलात, त्या फुलातून या फुलात. गुं गुं गुं गुं! बहिणी पोटभर जेवल्या. पोळ्यात मध भरला.

आणि गंमत म्हणजे, गुंजी जिथे जिथे बसली, तिथे तिथे वेलाला इवला इवला भोपळा धरला! भोपळा फुगला. लाल झाला. इतका मोठा झाला, की काकूला उचलेना! शेजारच्या गंगाराममामांना हाक मारली. "हेऽऽ घे!" दोघांनी मिळून उचलला.

काकूने भोपळा किसला. गूळ घातला. घारगे तळले. चर्र चर्र! सगळ्या वाडीत वास सुटला. मामा आले, मामी आल्या, वरच्या आळीची पोरं आली. छबूने सगळ्यांना वाढलं.

"कुठल्या भोपळ्याचे गं घारगे?" मामांनी विचारलं.

छबूने मान ताठ केली. "आमच्या! आमचा म्हणजे माझा, आईचा, पवळीचा, गांडूळदादाचा, मातीचा, वेलाचा..." छबूचा दम संपला. मग मोठा श्वास घेऊन म्हणाली, "आणि गुंजीचा!"

घारगे संपले, बोटं चाटली,
गोष्ट आपली पोटात बसली!