टिकलीचा स्वेटर, सुर्र सुर्र सुर्र!

ऐकताय ना? मग नीट ऐका. मध्ये बोलायचं नाही. बरं, बोललात तरी चालेल.

एक होती सगुणाआत्या. सगळ्या गावाची आत्या. तिची होती पिठाची गिरणी. गिरणी चालायची घर्र घर्र घर्र. आणि आत्याच्या सुया चालायच्या टिक टिक टिक. डब्यात पीठ पडेपर्यंत आत्याचं विणकाम. डबा भरला की सुया खाली. पुढचा डबा लावला की सुया वर.

आणि काय काय विणायची ही आत्या! मोजे विणले. टोपरी विणली. स्वेटर विणले. गावातली माणसं संपली. आता काय करायचं? मग तिने बादलीच्या कडीला मोजा विणला. विहिरीच्या रहाटाला गोंडा केला. बाभळीच्या बुंध्याला गळपट्टा घातला. दिसलं की विणलं! आतोबा तर एका जागी फार वेळ बसायचेच नाहीत. बसले की आत्या टेप घेऊन यायची.

त्याच गावात होतं एक करडू. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून नाव टिकली. टिकली एवढीशी. आणि थंडी एवढी मोठ्ठी! आई गेलेली रानात चरायला. टिकली घरी एकटी, कुडकुड कुडकुड. आत्याने ते पाहिलं. लगेच टिकलीला स्वेटर विणला. पिवळा पिवळा, हळदीसारखा. चार पायांना चार बाह्या!

टिकलीने स्वेटर घातला. आणि काय उड्या मारल्या! ओट्यावर टुण! दगडावर टुण! बाभळीखालून टुण टुण टुण!

आणि काय झालं? बाभळीच्या काट्यात धागा अडकला. टिकलीला कुठे माहीत! टुण, सुर्र! टुण टुण, सुर्र सुर्र! टिकली पुढे पुढे, धागा मागे मागे. एक बाही गेली. दुसरी गेली. तिसरी गेली. चौथी गेली. पोटावरचं गेलं. पाठीवरचं गेलं. सुर्र सुर्र सुर्रर्र!

टिकलीने मागे वळून पाहिलं. अरेच्चा! स्वेटर कुठाय? अंगावर काही नाही. बाभूळ मात्र पिवळी पिवळी.

ऊन कलायला लागलं होतं. आता रात्र होणार. रात्री तर केवढी थंडी! टिकलीला रडू आलं.

कुडकुड कुडकुड, टिकली निघाली. आत्याकडे आली.

"आत्या आत्या, स्वेटर दे.
स्वेटर टिकलीला, टिकली कुडकुड!"

आत्या म्हणाली, "अगं माझे बाई! आत्ताच तर घातला होता. उड्या मारल्यास ना?"

"मारल्या."

"तरीच! उड्या मारू नयेत."

"नाही मारणार."

आत्या म्हणाली, "विणून देते गं. पण लोकर संपली. धागा आण, मग विणते."

गिरणी घर्र घर्र. डब्यांची ही लांब रांग. आत्याला उठायला कुठली सवड!

कुडकुड कुडकुड, टिकली निघाली. बाभळीकडे आली.

"बाभूळमावशी, धागा दे.
धागा आत्याला, आत्या देईल स्वेटर.
स्वेटर टिकलीला, टिकली कुडकुड!"

बाभूळ म्हणाली, "उड्या मारल्यास ना?"

"मारल्या."

"तरीच! उड्या मारू नयेत."

"नाही मारणार."

बाभूळ म्हणाली, "सगळ्या झाडांना पाणी. मला कधी घातलंय कुणी? पाणी आण, मग सोडते धागा."

खरंच की हो! बाभळीला कोण पाणी घालतं? कुणी नाही. म्हणूनच तर तिला हवं होतं.

कुडकुड कुडकुड, टिकली निघाली. बादलीकडे आली.

"बादलीताई, पाणी दे.
पाणी बाभळीला, बाभूळ देईल धागा.
धागा आत्याला, आत्या देईल स्वेटर.
स्वेटर टिकलीला, टिकली कुडकुड!"

बादली म्हणाली, "उड्या मारल्यास ना?"

"मारल्या."

"तरीच! उड्या मारू नयेत."

"नाही मारणार."

बादली म्हणाली, "मी रिकामी. माझ्यात खडखडाट! मला विहिरीत कोण सोडणार? रहाटाची गिरकी आण, मग देते पाणी."

कुडकुड कुडकुड, टिकली निघाली. रहाटाकडे आली.

"रहाटदादा, गिरकी दे.
गिरकी बादलीला, बादली देईल पाणी.
पाणी बाभळीला, बाभूळ देईल धागा.
धागा आत्याला, आत्या देईल स्वेटर.
स्वेटर टिकलीला, टिकली कुडकुड!"

रहाट म्हणाला, "कर्र... उड्या मारल्यास ना?"

"मारल्या."

"कर्र... तरीच! उड्या मारू नयेत."

"नाही मारणार."

रहाट म्हणाला, "कर्र... कर्र... माझं चाक गेलंय गंजून. तेल आण, मग देतो गिरकी."

बघा बाई! आता तेल कुठून आणायचं? तेल सुंदराकाकूच्या घरात.

कुडकुड कुडकुड, टिकली निघाली. काकूकडे आली.

"काकू काकू, तेल दे.
तेल रहाटाला, रहाट देईल गिरकी.
गिरकी बादलीला, बादली देईल पाणी.
पाणी बाभळीला, बाभूळ देईल धागा.
धागा आत्याला, आत्या देईल स्वेटर.
स्वेटर टिकलीला, टिकली कुडकुड!"

काकू म्हणाली, "उड्या मारल्यास ना?"

"मारल्या."

"तरीच! उड्या मारू नयेत."

"नाही मारणार."

काकू म्हणाली, "तेल देते गं बाई. पण हे बाळ बघ! सकाळपासून नुसतं रडतंय. तव्यावर भाकरी करपली. माझं डोकं उठलं. बाळाचं हसू आण, मग देते तेल."

बाळ बसलं होतं गोधडीवर. डोक्याला लाल कुंची. कुणी विणली असेल? आत्यानेच की! गाल लाल, नाक लाल. आणि तोंड हे एवढं उघडं. ट्यॅहॅं! ट्यॅहॅं!

कुडकुड कुडकुड, टिकली निघाली. बाळाकडे आली.

"बाळा बाळा, हसू दे.
हसू काकूला, काकू देईल तेल.
तेल रहाटाला, रहाट देईल गिरकी.
गिरकी बादलीला, बादली देईल पाणी.
पाणी बाभळीला, बाभूळ देईल धागा.
धागा आत्याला, आत्या देईल स्वेटर.
स्वेटर टिकलीला, टिकली कुडकुड!"

बाळ म्हणालं, "ट्यॅहॅं!"

बाळाला काय कळतंय, कप्पाळ!

टिकलीने तोंडात खुळखुळा धरला. खुळ खुळ खुळ. बाळ म्हणालं, "ट्यॅहॅं!"

टिकलीने शेपूट हलवलं. लुटु लुटु लुटु. बाळ म्हणालं, "ट्यॅहॅं!"

टिकली गोड आवाजात ओरडली. बें बें बें. बाळ म्हणालं, "ट्यॅहॅंहॅंहॅं!"

संपलं! आता पुढे कुणाकडे जायचं? पुढे कुणीच नाही. उन्हाची तिरीप भिंतीवर चढली. टिकली आणखी कुडकुडली.

एक गोष्ट राहिली होती. टिकलीच्या पायांना ती केव्हाची माहीत होती. पण उड्या मारू नयेत ना! सगळ्यांना तसं कबूल केलं होतं ना!

टिकलीने इकडे पाहिलं. टिकलीने तिकडे पाहिलं. आणि एक मारली. एकच. अगदी छोटीशी.

टुण.

बाळाचं रडणं थांबलं. बाळाने डोळे मोठ्ठे केले.

टुण टुण!

बाळाने तोंड मिटलं.

टुण टुण टुण! गोधडीच्या या बाजूने टुण! त्या बाजूने टुण! पाटावर टुण! काकूच्या पायाशी टुण!

आणि बाळ हसलं. खुदुक! खुदु खुदु खुदुक!

"अगं बाई, हसलं!" काकू ओरडली. काकूसुद्धा हसली. मग काय विचारता!

बाळाने दिलं हसू.
हसू काकूला, काकूने दिलं तेल.
तेल रहाटाला, रहाटाने दिली गिरकी. गरर्र गरर्र!
गिरकी बादलीला, बादलीने दिलं पाणी. डुबुक डुबुक!
पाणी बाभळीला, बाभळीने दिला धागा. भर्रर्र!
धागा आत्याला...

थांबा थांबा. स्वेटर कुठे मिळाला अजून?

आत्याने धाग्याचं टोक धरलं. चष्मा पुढे ओढला. टोक डोळ्यांजवळ नेलं. इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. मग आत्याने कपाळावर हात मारला.

"अगं बाई गं! गाठच मारली नाही मी!"

"कसली गाठ?" टिकलीने विचारलं.

"स्वेटर विणून झाला की शेवटी गाठ मारायची असते. मी शेवटचा टाका घातला, आणि इकडे आरडाओरडा. आत्या, पीठ सांडतंय! मी उठून पळाले. आणि गाठ राहिली. गाठ नसली की स्वेटर सुटणारच. चालताना सुटला असता, बसल्याबसल्यासुद्धा सुटला असता."

आत्याने टिकलीला मांडीवर घेतलं. "टिकले, तुझ्या उड्यांनी काही झालं नाही गं. चुकले मी. आणि बोलले मात्र तुला."

मग आत्या उठली. तिने गिरणीचं बटण दाबलं. घर्र घर्र... घर्र... घ... गिरणी बंद! गावाने असं कधी पाहिलं नव्हतं.

"आत्या, माझं दळण?" "आत्या, माझी बाजरी?" रांगेतली माणसं ओरडायला लागली.

"आज भात खा!" आत्या म्हणाली. "दळण उद्या."

सुया निघाल्या. टिक टिक टिक. पाठीवरचं झालं. टिक टिक टिक. पोटावरचं झालं. एक बाही झाली. दुसरी झाली. तिसरी झाली. चौथी झाली. दळण राहिलं तरी कुणी घरी गेलं नाही. सगळे बघत उभे. काकू बाळाला घेऊन आली. बाळ आत्याच्या लोकरीच्या गुंड्याकडे बघून खुदुक!

आणि शेवटी आत्याने काय केलं? गाठ मारली. एक मारली. ओढून बघितली. आणखी एक मारली.

दिवेलागण झाली. टिकलीने स्वेटर घातला. पोटाला ऊब. पाठीला ऊब. चारी पायांना ऊब! कुडकुड कुठच्या कुठे पळाली.

"हं, टिकले," आत्या म्हणाली, "आता मार उडी."

टिकलीने पाय घट्ट रोवले. "नको. सुटेल."

काकू म्हणाली, "मार गं उडी!"

विहिरीवरून रहाट म्हणाला, "मार उडी!" आता कर्र कर्र नाही हं, अगदी मऊ आवाज.

बादली म्हणाली, "मार उडी!"

बाभूळ म्हणाली, "मार बाई उडी. आम्ही उगाच बोललो तुला."

बाळाला कुठे बोलता येतंय? पण बाळानेही टाळ्या पिटल्या.

टिकलीने डोळे मिटले. आणि मारली.

टुण! सुटला का? नाही!

टुण टुण! सुटला का? नाही!

बाभळीखालून टुण! अगदी काट्यांना घासून टुण! आता सुटला का? नाही, नाही, नाही!

तेवढ्यात रानातून शेळ्या आल्या. टिकलीची आई आली. आईने पाहिलं, अंधारात काहीतरी पिवळं पिवळं उड्या मारतंय.

"बें! टिकले, तूच का गं ती?"

"मीच!" टिकली म्हणाली. आणि आईच्या अंगावरून पलीकडे गेली, टुण टुण टुण!

झाली बाई गोष्ट. आता तुम्हीपण मारा एक उडी. एकच हं! आणि मग पांघरुणात शिरा.