जाताना "येतो" म्हणणारा समुद्र

समुद्र जाताना निरोप घेत असे, त्या काळची गोष्ट. वृषालीताई आणि तिची कुत्री बुंदी किनाऱ्यालगतच्या राखीव जंगलात सकाळभर भटकून दुपारी वाळूवर आल्या. ओहोटी होती. मागे सरता सरता समुद्र म्हणाला, "बरंय, येतो."

"गेला एकदाचा!" ताईच्या पाठीवरचा तंबू म्हणाला. ताईनं तो तिथंच सपाट, ओलसर वाळूत ठोकला.

बुंदी मात्र बसेना. "अरे, तो 'येतो' म्हणालाय."

"वेडी आहेस. निघताना सगळेच तसं म्हणतात. 'जातो' कोण म्हणतं?"

"ताई रोज 'येते' म्हणून कामावर जाते. मी दाराशी वाट बघते. ती आली नाही, असं कधीच झालेलं नाही."

आणि बुंदीनं दातांनी तंबूच्या खुंट्या उपटायला सुरुवात केली.

"बुंदे, काय चालवलंयस हे!" ताई ओरडली. पुन्हा ठोकलेली खुंटीही उपटली गेली, तेव्हा वैतागून तिनं तंबू वर सुरूच्या झाडांखाली नेला.

दिवस मावळताना लाटा आल्या आणि वाळूतली खुंट्यांची भोकं बुजवून गेल्या. ताई बघतच राहिली. तंबूनं हुश्श केलं.

"आलो गं," समुद्र म्हणाला.

घरी दाराशी हलवते, तशीच बुंदीनं शेपूट हलवली.