एक पट्टी खाली

फार मागे, लोक वर्षं मोजायचे ती सुगीवरून, तेव्हाची ही गोष्ट. टेकडीच्या पायथ्याला एक गाव होतं आणि गावात एक बाई होती.

पहाटे ती गोठा झाडायची. सूर्य वर आला की शेतात जायची. घंटा झाली की हात धुऊन शाळेत उभी राहायची आणि रविवारी ख्रिस्ती मंडळीच्या दगडी मंदिरात पायपेटी वाजवायची. पायांनी भाता हलवायचा आणि दोन्ही हातांनी सूर धरायचे, अशी ती मोठी पेटी. सगळं गाव तिला बाईच म्हणायचं, तिचा नवरासुद्धा.

बाई नवी नवरी म्हणून आली तेव्हा मंडळी उंच पट्टीत गायची. गीत दारातून निघायचं आणि टेकडीवर चढायचं. वर मेंढ्या राखणारे हातातली काठी टेकून ऐकत उभे राहायचे. तेव्हा पुढच्या बाकावरचे पंच तरणे होते, त्यांचे गळेही तरणे होते.

मग वर्षं गेली. एका रविवारी वरच्या सुरावर थोरल्या पंचांचा आवाज फाटला. मागे कोणीतरी हसलं. उपासना संपल्यावर ते पेटीपाशी आले.

"बाई, तुमची पेटी चढलीय. एक पट्टी खाली घ्या."

पेटी चढली नव्हती. बाईला ते माहीत होतं, पंचांनाही माहीत होतं. पण माणूस म्हातारा झाला की दोष पेटीला द्यायचा, असा त्या गावचा रिवाज होता.

"बरं," बाई म्हणाली.

दोन सुग्या गेल्या आणि दुसरे पंच आले. "अजून एक पट्टी." बाई म्हणाली, "बरं." नंतर तिसरे आले. असं करत गीत पाच पट्ट्या खाली उतरलं. आता ते टेकडीवर जात नव्हतं, उंबऱ्यापर्यंतच सरपटायचं.

त्या पट्टीत म्हाताऱ्यांना बरं वाटायचं. लेकरांची मात्र पंचाईत झाली. खाली जावं तर गळ्यातून नुसता वारा यायचा, वर घ्यावं तर किंचाळल्यासारखं व्हायचं. शेवटी ती नुसते ओठ हलवू लागली.

पंचांनी ते पाहिलं. "आजकालच्या पोरांत भक्तीच राहिली नाही," थोरले पंच म्हणाले, "आमच्या वेळी आम्ही छप्पर उडवत होतो."

छप्पर कुठल्या पट्टीत उडवत होते, हे विचारायची कोणाची छाती नव्हती. लेकरांना मागच्या भिंतीशी उभं केलं गेलं.

बाईला सगळं कळत होतं. शाळेत ती पाढे झाले की लेकरांना जुन्या उंच पट्टीत गायला लावायची. तिथे तीच लेकरं अशी गायची, की कौलावरची कबुतरं उडायची. त्यांत शलोमी नावाची एक मुलगी होती. तिचा आवाज सगळ्यांच्या वर निघायचा आणि तिथेच न हलता थांबायचा.

आणि त्या मंडळीत एक चाल होती. सुगीच्या सणाला बाजरीची पहिली कणसं लहान मुलांनीच वेदीवर न्यायची, आणि नेताना गीतही त्यांनीच म्हणायचं. गेली तीन वर्षं ती मुकाट्याने चालत गेली होती. थोरल्या पंचांनी सांगून टाकलं, "यंदा गायली नाहीत, तर पुढच्या सालापासून कणसं आम्ही नेऊ."

बाईने शलोमीला बोलावलं. "सणाला मी जुन्या पट्टीत वाजवीन. पहिली ओळ तू उचल, बाकीचे तुझ्यामागे येतील."

"पंच रागावतील, बाई."

"माझ्यावर रागावतील. तू गा."

सणाच्या आदल्या दिवशी बाई गोठ्यात वैरण टाकत होती. निम्मी वैरण दावणीबाहेर पडत होती. म्हातारा बैल तिच्याकडे बघत म्हणाला, "भ्यालीस?"

"ते वडीलधारे आहेत," बाई म्हणाली, "त्यांचा मान कसा मोडू?"

"मी थकलो तेव्हा तू काय केलंस?"

"तुला औतातून सोडलं. तुझ्या जागी गोऱ्हा जुंपला."

"माझ्यासाठी औत हळू चालवलं नाहीस?"

"पेर चुकली असती."

"मला राग आला होता," बैल म्हणाला, "चार दिवस वैरणीला तोंड लावलं नाही. मग बांधावर बसून गोऱ्ह्याची चाल बघायला लागलो. बरा चालतो तो." एवढं बोलून तो रवंथ करू लागला.

सणाचा दिवस आला. मंदिर भोपळ्यांनी, हुलग्याच्या शेंगांनी आणि पाय बांधलेल्या कोंबड्यांनी भरून गेलं. लेकरं दारात कणसं घेऊन उभी राहिली. शलोमी सगळ्यांच्या पुढे होती.

बाईने पाय भात्यावर ठेवले आणि बोटं जुन्या पट्टीवर नेली. तेवढ्यात थोरल्या पंचांनी मान वळवली. नुसतं एक बोट जमिनीकडे दाखवलं. खाली.

बाई देवाला भिणारी होती. पण देव काही बोलला नाही आणि पंच चार हातांवर बसले होते. तिची बोटं खाली सरकली.

शलोमीने मात्र ठरल्याप्रमाणे श्वास भरला होता. तिने पहिली ओळ उचलली, उंच आणि स्वच्छ. पेटी पाच पट्ट्या खालून घुमली. दोन्ही सूर एकमेकांवर आदळले. कोंबड्या फडफडल्या. बाकांवर हशा झाला.

शलोमीने बाईकडे पाहिलं. तिने ओळ सोडली नव्हती, ती वरच थांबली होती. बाईने बोटं वर उचलायची, एवढंच काम होतं. एका श्वासाचं काम.

बाईने मान खाली घातली आणि पंचांच्या पट्टीत वाजवत राहिली.

"बेसूर कार्टी," थोरले पंच म्हणाले.

शलोमीने कणसं उंबऱ्यावर ठेवली आणि ती निघून गेली. पुढच्या रविवारी भिंतीशी निम्मीच लेकरं होती. त्याच्या पुढच्या रविवारी नुसती भिंत.

पुढच्या सुगीपासून कणसं पंचांनी नेली. त्यांचे हात कापायचे आणि दारापासून वेदीपर्यंत दाणे सांडत जायचे. ते पंच एकेक करून मातीत गेले. मरेपर्यंत ते म्हणत राहिले, की पोरं बिघडली. त्यांच्यानंतर पुढच्या बाकावर कोणी बसलं नाही. बाई रिकाम्या मंदिरात वाजवत राहिली. आता ती जुन्या पट्टीत वाजवायची. अडवणारं कोणी उरलं नव्हतं आणि गाणारंही.

मग बाईने अंथरूण धरलं. तिने शलोमीला निरोप धाडला. शलोमी तीन गावं ओलांडून आली. तिच्याही केसांत आता पांढरं दिसत होतं. ती उशाशी बसली.

"ती पहिली ओळ म्हणशील?" बाईने विचारलं.

शलोमीने तोंड उघडलं. नुसता वारा आला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच.

"त्या दिवसानंतर मी गायलेच नाही, बाई," ती म्हणाली, "सवय गेली."

"ते म्हातारे होते, त्यांना मागे पडायची भीती वाटत होती," बाई म्हणाली, "पण पेटी माझ्या हातात होती गं."

शलोमी 'असू द्या' म्हणाली नाही. तिने बाईचा हात धरून ठेवला. शेण, खडू आणि पेटीच्या पट्ट्या यांनी घासून गुळगुळीत झालेला तो हात हळूहळू गार पडला.

बाईला पुरायला सगळं गाव आलं. ती चांगली होती असं सगळे म्हणाले आणि ते खोटं नव्हतं. पण खड्ड्यापाशी गीत म्हणायची वेळ आली, तेव्हा सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले. शेवटी नुसतीच माती लोटली. टेकडीवरच्या मेंढपाळाने खाली कान दिला, गाण्याचा सूर आला नाही, तसा तो दुसऱ्याला म्हणाला, "गाव ओस पडलं वाटतं." आणि दोघांनी मेंढ्या पुढे हाकल्या.

तात्पर्य : ज्यांचा गळा थकला त्यांनी गप्प बसून ऐकावं, आणि पेटी ज्यांच्या हातात आहे त्यांनी हे त्यांना वेळेवर, तोंडावर सांगावं.