चौथऱ्याखालची खापरं

एका राज्यात कुंभारांचं एकच घराणं होतं आणि तोरा मात्र दहा घराण्यांचा होता. "आमचं मडकं फुटत नाही," असं आज्जा भिवबा अंगणातल्या उंच चौथऱ्यावर बसून सांगे, आणि राजासुद्धा मान डोलवी.

एके दिवशी काजळा चेटकीण तडकलेला माठ घेऊन आली. "तळ गेला. दुसरा द्या, विषय संपला."

"तुझेच हात फुटके," आज्जा म्हणाला.

काजळेने तिथल्या तिथे शाप दिला. "माझ्या जळत्या विहिरीचं पाणी धरील असं मडकं या घरातून येईपर्यंत, या घराची माती तुडवणारं माणूस मातीचं होत जाईल."

माती तुडवायची भिवबाची सून, म्हणजे त्याच्या नातीची, झेलूची आई. ज्याच्या जिभेने शाप ओढवला, त्याच्या केसालाही धक्का नाही! आईच्या टाचा माती झाल्या, मग गुडघे. ती चिखलात उभी होती ती उभीच राहिली.

झेलू तडक काजळेकडे गेली. "उपाय सांग."

"तीन गोष्टी एकत्र कर. नागतळ्याची माती. ज्वाळाडोंगराचा विस्तव. आणि तुमच्या घरात जे सगळ्यात जास्त आहे पण कुणाला दाखवत नाहीत, ते."

झेलू धावत सुटली. नागतळ्याचा सात फण्यांचा नाग म्हणाला, "माती ने, पण डोळे मिटायचे नाहीत." तिने फण्यांकडे बघत तळात हात घातला. ज्वाळाडोंगराने विचारलं, "कुणासाठी?" ती म्हणाली, "आईसाठी." डोंगर शिंकला, निखारा तिच्या पदरात पडला, पदराला डागही लागला नाही.

परत आली तर आई गळ्यापर्यंत माती झालेली.

आज्जाने सोन्याच्या काठाचा पूर्वजांचा पेला पुढे केला. "हेच ते तिसरं."

"हा तर तू रोज येईल त्याला दाखवतोस."

तेवढ्यात कुंपणावरचा खंड्या पक्षी बोलला, "मी दरडीत बीळ पोखरतो. चोचीला दगड कळतो, मुळी कळते. म्हाताऱ्याच्या बुडाखाली माती नाही. खापरं आहेत, सात पिढ्यांची."

झेलूचा बाप आणि काका पायाच्या अंगठ्याने जमीन उकरू लागले. म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. फुटलेलं प्रत्येक मडकं गपचूप पुरायचं आणि वर बसून बढाया मारायच्या.

"ऊठ, आज्जा."

"घराण्याची अब्रू आहे याखाली. लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, यांचीही मडकी फुटतात. ऊठ."

तो उठेना. झेलूने चौथऱ्यावर कुदळ घातली. चौथरा ढासळला आणि आज्जा आपल्याच घराण्याच्या खापरांवरून घसरत खाली आला.

झेलूने खापरं कुटली, नागतळ्याच्या मातीत मळली, चाक फिरवलं. उन्हाने घाई करून मडकं वाळवलं, डोंगराच्या विस्तवाने भाजलं. बाहेर आलं ते ठिपक्याठिपक्यांचं, वाकड्या तोंडाचं. पण टिचकी मारली तर खणखणीत.

काजळेने जळत्या विहिरीचं पाणी आणून त्यात ओतलं. ते उकळलं, फुसफुसलं आणि निवलं. मडकं तडकलं नाही. ज्या खापरांनी एकदा आग सोसली होती, त्यांनीच कच्च्या मातीला धरून ठेवलं.

"तोंड वाकडं आहे," काजळा म्हणाली.

"आहे."

"असू दे. घेते."

त्याच क्षणी आईने चिखलातून एक पाय उचलला, मग दुसरा. "मुंग्या आल्यात नुसत्या," म्हणाली, आणि झेलूला घट्ट धरून राहिली.

आज्जा धोतर झटकत उभा होता. "आता मी बसू कुठे?"

"बसू नकोस. आईची जागा मोकळी झालीय. माती तुडव."

भिवबा चिखलात उतरला. तेव्हापासून त्या राज्यात मडकी उजळ माथ्याने फुटतात, राजाच्या घरचं खापरसुद्धा झेलूच्या अंगणात परत येतं, आणि कुटून पुन्हा चाकावर चढतं.