हललं कोण?

एका गावात भागोजी नावाचा एक न्हावी होता. हाताचा मोठा हुशार. गालावर वस्तरा फिरवायला लागला की माणसाला डुलकी यावी. पण हुशार माणसाचा हातही कधीतरी चुकतोच. भागोजीचाही चुकायचा. कधी कुणाच्या हनुवटीला, कधी कुणाच्या कानामागे बारीक लाल रेघ उमटायची. आणि ती उमटली रे उमटली की गिऱ्हाइकाच्या आधी भागोजीच ओरडायचा, "अहो, हललात की तुम्ही!"

गिऱ्हाईक बिचारं काय बोलणार? मान दुसऱ्याच्या हातात, वस्तरा गळ्यापाशी. अशा वेळी वाद घालायची कुणाची छाती आहे? "हललो असेन बाबा," म्हणायचं आणि मुकाट्याने तुरटी लावून घ्यायची. काही जण तर वर भागोजीचीच माफी मागायचे. असं वीस वर्षं चाललं. होता होता भागोजीला स्वतःलाच खरं वाटायला लागलं की आपल्या हातून आजवर कुणालाही कापलेलं नाही, जे काही झालं ते सगळं हलणाऱ्यांनी केलं. काय म्हणावं या माणसाला! पण खोटं रोज बोललं की ते असंच अंगवळणी पडतं.

भागोजीला एक धाकटा भाऊ होता, कोंडिबा. आई लवकर गेली, म्हणून भागोजीनेच त्याला लहानाचा मोठा केला होता आणि हातात वस्तराही त्यानेच दिला होता. एकदा एका लग्नघरी भागोजी नवरदेवाची दाढी करत होता. हनुवटीला जरासं लागलं. भागोजी लगेच म्हणाला, "नवरदेव, हललात तुम्ही!"

शेजारी बसलेला कोंडिबा पटकन बोलून गेला, "नाही दादा, ते नाही हलले. तुझा हात हलला."

झालं! मांडवात हशा पिकला. भागोजीचा चेहरा लालबुंद झाला. घरी येताच त्याने कोंडिबाची धोकटी, म्हणजे त्याच्या हजामतीच्या सामानाची पिशवी, उंबऱ्याबाहेर ठेवली. "माझ्याच घरात राहून चारचौघांत माझी अब्रू काढतोस? चालता हो!" कोंडिबा रडत रडत नदीपलीकडच्या गावी गेला आणि तिथेच राहिला. पुढे अकरा वर्षं दोघा भावांत शब्द नाही. म्हाताऱ्या वडिलांनी दोघांनाही परोपरीने समजावलं. समजावता समजावता ते थकले, आणि एक दिवस गेले.

दहाव्या दिवशी सगळे नदीकाठी जमले. रीत अशी होती की मुलांनी आधी डोक्याचं मुंडण करायचं आणि मग थोरल्याने वडिलांना पिंड द्यायचा. आणि हे सगळं सूर्य माथ्यावर यायच्या आत उरकायचं.

आता आली पंचाईत. गावाला न्हावी एकच, तो म्हणजे भागोजी. शेजारच्या गावचा न्हावी लेकीकडे गेलेला. उरला कोंडिबा. तो आला होता, धोकटीही आणली होती, पण लांब एका बाभळीखाली बसून होता. बोलावल्यावाचून पुढे यायचा त्याला धीर होईना.

गेलेल्या म्हाताऱ्याची बहीण, ठकूआत्या, भागोजीला म्हणाली, "भागू, धाकट्याला हाक मार."

"काही गरज नाही, आत्या. उभ्या गावाची डोकी केली मी. माझं एक मला जड जाणार आहे होय?"

भागोजी आरसा दगडाला टेकवून बसला. डोक्यावर पाणी घेतलं, चोळलं, वस्तरा उघडला. कपाळावरचे केस सरसर उतरले. कानांच्या वरचेही उतरले. लोक बघतच राहिले. मग वस्तरा मागे गेला. आता, ज्याने कधी डोकं केलंय त्याला ठाऊक असतं, की एका हाताने कातडी ताणून धरायची आणि दुसऱ्या हाताने केसांच्या कलाने हलकेच वस्तरा न्यायचा. भोवऱ्यापाशी तर केस गोल फिरतात, तिथे डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. पण मागचं डोकं ना आरशात दिसत होतं, ना तिथे दोन्ही हात नीट पोचत होते. भागोजीने अंदाजाने वस्तरा ओढला.

कच्चकन कापलं. रक्ताचा ओघळ मानेवर आला.

भागोजीने तोंड उघडलं. वीस वर्षांच्या सवयीने शब्द जिभेवर आले आणि तिथेच थिजले. सांगणार कुणाला? डोकंही त्याचंच आणि हातही त्याचाच.

"का रे भागू," ठकूआत्याने विचारलं, "आता कोण हललं?"

दुःखाचा दिवस होता, कुणीच हसलं नाही. भागोजीला ते हसण्यापेक्षा जास्त लागलं. त्याने दात आवळून पुन्हा वस्तरा लावला. पुन्हा कापलं. आता तर वस्तरा रक्ताने हातातून निसटायला लागला.

भटजींनी वर बघितलं. "भागोजी, ऊन माथ्यावर येत चाललंय. असं अर्धवट डोकं घेऊन पिंड देता यायचा नाही."

भागोजीने समोर पाहिलं. पानावर पिंड मांडून तयार होता. वडिलांसाठी करायचं हे शेवटचं काम, आणि ते आपल्या हट्टापायी खोळंबलंय, हे त्याला उमगलं. त्याने वस्तरा खाली ठेवला. मग मान न वळवताच त्याने हाक मारली, "कोंडू."

कोंडिबा अनवाणीच धावत आला. त्याने आधी दादाच्या जखमा धुतल्या, तुरटी फिरवली. मग ओंजळीने पाणी घालून घालून दादाचं डोकं चोळायला लागला. केस मऊ व्हायला वेळ लागतो. कोंडिबाने घाई केली नाही.

"दादा, मान सैल सोड."

"सोडली."

कोंडिबाने डाव्या हाताने कातडी ताणली आणि भोवऱ्याभोवती वस्तरा असा फिरवला की भागोजीला फक्त गारवा जाणवला. एकही ओरखडा उठला नाही. किती छान शिकलाय हा, असं भागोजीच्या मनात आलं आणि आपण याला उंबऱ्याबाहेर काढलं होतं हे आठवून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग कोंडिबा दादापुढे मान वाकवून बसला. भागोजी त्याचे केस भिजवायला लागला. अकरा वर्षांनी हे डोकं हातात आलं होतं. निम्मे केस पिकले होते. धाकटा कधी म्हातारा व्हायला लागला ते थोरल्याला कळलंही नव्हतं. भागोजीचे डोळे भरून आले. समोरचं धूसर दिसायला लागलं, तरी तो वस्तरा चालवतच राहिला, आणि व्हायचं तेच झालं. कोंडिबाच्या कानशिलावर लाल रेघ उमटली.

सगळ्यांनी पाहिलं. कोंडिबाच घाईघाईने म्हणाला, "मी हललो, दादा. चूक माझीच."

भागोजीने नुसती मान डोलावली असती तरी चाललं असतं. कोंडिबा स्वतःच म्हणतोय म्हटल्यावर कुणी काय बोललं असतं? एवढ्या लोकांत भागोजीची अब्रू राहत होती, आणि तीही फुकट. पण भागोजी उठून उभा राहिला.

"नाही रे, तू नाही हललास," तो म्हणाला. मग लोकांकडे वळला. त्याचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचला. "मंडळी, हा हलला नाही. माझा हात चुकला. त्या दिवशी नवरदेवही हलला नव्हता. आणि खरं सांगायचं तर तुमच्यापैकी कुणीच कधी हललं नव्हतं."

गर्दीतल्या चार-पाच जणांचे हात आपसूक आपापल्या हनुवटीकडे गेले. एक म्हातारा गृहस्थ म्हणाला, "बरं झालं बाबा सांगितलंस. मला वाटायचं, वयामुळे माझी मान हलते!" आता मात्र हसू कुणालाच आवरलं नाही. भागोजीही रडता रडता हसला. कोंडिबाने त्याचा ओला हात घट्ट धरून ठेवला.

भागोजीने डोळे पुसले, उरलेलं डोकं सावकाश पुरं केलं, आणि ऊन माथ्यावर यायच्या आत दोघा भावांनी मिळून वडिलांना पिंड दिला.

तात्पर्य: जो आपली चूक दुसऱ्याच्या माथी मारतो, तो आपलीच माणसं गमावतो; पण "चूक माझी" एवढं जो मोकळ्या मनाने म्हणतो, त्याला ती परत मिळतात.