वाटीभर ऊन

एक होतं शहर. इतकं मोठं, की सकाळी एका टोकाहून निघालेला पाहुणा जेवणाच्या वेळेलाही निम्म्यावरच असायचा. पण बडा घर पोकळ वासा! भाजी यायची शंभर कोसांवरून, वीज यायची डोंगरापलीकडून. डोंगरात वादळ झालं, की शहराच्या चुली थंड आणि दिवे गुल.

तिथल्या एका उंच इमारतीच्या गच्चीवरच्या खोलीत रुंजी राहायची. आई धुणीभांडी करायची. धाकट्या छबीला दमा होता. तिच्या छातीत शिट्टी वाजू लागली, की वाफेचं यंत्र लावायचं. वीज गेली की यंत्र बंद, आणि रुंजीचा जीव टांगणीला.

गच्चीवर फुटक्या बादलीत भोपळ्याचा एक वेल उन्हानं मान टाकून पडला होता. रुंजीनं आपल्या वाटणीचं पाणी त्याला घातलं. दुसऱ्या दिवशी सोनपिवळं फूल उमललं आणि त्यातून चमचमत्या हिरव्या पंखांची इवलीशी परी बाहेर आली.

“रुंजीबाळ, माझी तहान भागवलीस. माग तीन गोष्टी!” तिनं चिमुकली चांदीची वाटी पुढे केली. “पण जे मागशील ते या वाटीत मावलं पाहिजे. आणि एकटीनंच ठेवून घेतलंस, तर त्याची राख होईल हं.”

रुंजीनं वाटीभर बी मागितलं आणि दारोदार चिमूट चिमूट वाटलं. खिडक्या-गच्च्यांवर हिरवीगार मेथी, लालचुटुक टोमॅटो डोलू लागले.

मग तिनं मागितलं वाटीभर ऊन, छबीच्या यंत्रासाठी. तेही ती दारोदार थेंब थेंब वाटत गेली. ज्या खिडकीत उन्हाचा थेंब पडे, तिथे निळी लखलखती पाटी उगवे. दिवसभर ती ऊन पिऊन ठेवी आणि हवं तेव्हा दिवा लावी. शेवटी रुंजीपुरता एकच थेंब उरला. तेवढ्यात खालच्या हमीदाचाची म्हणाल्या, “बेटा, आमच्या जिन्यात फार अंधार आहे गं. परवा पाय घसरला माझा.” रुंजीनं वाटीच त्यांच्या हातात दिली.

आणि एके दुपारी वादळ आलं. डोंगरातली तार तुटली, पूल वाहून गेला, भाजीचे ट्रक पलीकडेच अडकले. पण इमारतीत घरोघरी दिवे होते, भाज्या शिजत होत्या. अंधार होता तो फक्त रुंजीच्या खोलीत. छबीची शिट्टी वाजू लागली. तिचे ओठ निळे पडले.

“आई, चुकलं गं माझं! एक थेंब ठेवायला हवा होता,” रुंजी हुंदके देऊ लागली.

तोच दार वाजलं. दारात हमीदाचाची, मागे सगळी इमारत. चाचींच्या हातात तीच वाटी, प्रत्येक खिडकीतल्या थेंबाथेंबानं काठोकाठ भरलेली!

“शेजारणीची वाटी कुणी रिकामी परत देतं का, वेडे?” चाची म्हणाल्या. शेजारच्या दिगूकाकांनी मेथीची गरम भाजी पुढे केली.

वाटीतलं ऊन खिडकीत ओतताच निळी पाटी उजळली आणि यंत्र घुंईऽऽ करत सुरू झालं. छबीची शिट्टी हळूहळू थांबली आणि ती गाढ झोपली. आईनं चाचींना मिठीच मारली.

“आता तिसरी इच्छा?” वेलावरून परीनं विचारलं.

“ही वाटी पलीकडच्या गल्लीत जाऊ दे,” रुंजी म्हणाली.

परी खुदकन हसली. सोनेरी उजेडाचा एक झोत उठला आणि त्यात ती विरघळून गेली.

वादळं अजूनही येतात, पण त्या शहराच्या चुली विझत नाहीत. कहाणी इथे संपली, वाटी मात्र अजून फिरतेच आहे. तुमच्या दारी आली, तर रिकामी परत पाठवू नका!